गोंगाट म्हणून पुसलेली तोडी

आमच्या स्टेशनला कुणी रेडिओ म्हणत नाही. मराठी मंडळातले लोक "तुमचं ते ऑनलाइन" म्हणतात, ऑफिसात त्याला माझा छंद म्हणतात, आणि घरी त्याचा विषयच निघत नाही. कोलकात्यात, भवानीपूरच्या एका गल्लीत जुन्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. तिथे दोन संगणक, एक मिक्सर, भिंतींना चिकटवलेल्या गाद्या आणि माझ्याहून वयाने मोठे असे एक बंगाली गृहस्थ असतात. घर त्यांचं. आयुष्यभर त्यांनी जाहिरातींसाठी आवाज मुद्रित केले, निवृत्त झाले, आणि मग कुणाची जाहिरात न करणारं स्टेशन काढायचं त्यांच्या डोक्यात आलं. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. मी एस्प्लनेडला विमा कंपनीत नोकरी करतो आणि उरलेला वेळ त्या गच्चीवर घालवतो.

सकाळी राग, दुपारी बाउल आणि लोकगीतं, संध्याकाळी शहरातल्या नव्या पोरांचे बँड. शनिवारी सकाळचा कार्यक्रम माझा. गाणं लावायचं, त्याच्याबद्दल चार वाक्यं बंगालीत, चार हिंदीत बोलायची, आणि शेवटी, कुणी ऐकत असो वा नसो, दोन मराठीत. हे मी इतकी वर्षं केलं की मला गाण्यातलं कळतं असा माझाही समज झाला होता.

हिवाळा आला की आमची खरी धावपळ. या शहरात थंडीत प्रत्येक पाड्यात संगीत महोत्सव असतो. पाडा म्हणजे इथलं मोहल्ला-गल्ली असं सगळं मिळून. मोठ्या महोत्सवांत आम्हाला कोण विचारतो; आम्ही छोटे धरतो. शाळेचं सभागृह, मागे शामियान्याचं कापड, पुढच्या रांगेत माकडटोप्या घातलेले जाणकार. त्यांचं थेट प्रसारण आम्ही करतो, आणि नेट तुटलं तर निदान ध्वनिमुद्रण हातात असतं. दोन सत्रांच्या मध्ये ते मुद्रण स्वच्छ करायचं, कापायचं आणि संध्याकाळच्या आत लावायचं. दादांचा आग्रह असा की आज गायलेलं आजच लोकांपर्यंत गेलं पाहिजे, शिळं झालं की कुणी विचारत नाही. ध्वनिमुद्रण यंत्रातलं कार्ड एकच. त्यामुळे स्वच्छ केलेली प्रत लॅपटॉपवर घेतली की कार्ड पुसायचं आणि दुपारच्या सत्राला पुन्हा घालायचं. ही पद्धत मीच घालून दिली होती. कच्चं मुद्रण ठेवत बसलो तर जागा पुरत नाही, असं मी सगळ्यांना ठासून सांगत असे.

माझी बायको मिरजेची. लग्नाआधी ती तिथे एका बाईंकडे गाणं शिकायची. शिकायची म्हणजे सकाळी जायची आणि दुपारी परत यायची. लग्न करून हावड्याला उतरली तेव्हा बाकीचं सामान हमालाच्या डोक्यावर होतं आणि तंबोरा तिने अख्ख्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवला नव्हता. इथे आल्यावर ती मंडळाच्या गणपतीत गायली, शेजारच्या दुर्गापूजेत गायली, लोक म्हणतील ते गायली. मंडळातल्या मुलांना गाणी शिकवली. ती मुलं मराठी गाणंही बंगाली गोलाई देऊन म्हणतात आणि तिला ते दुरुस्त करायचा कंटाळा यायला लागला. बाईंकडून आणलेलं गाणं मात्र तंबोऱ्यासकट हळूहळू कपाटावर गेलं. दर गुरुपौर्णिमेला ती बाईंना फोन करी. बाई विचारत, "गातेस ना?" ती "हो बाई" म्हणे आणि फोन ठेवल्यावर थेट स्वयंपाकघरात जाई. गेली काही वर्षं बाईंनी ते विचारणंच सोडलं होतं. तब्येत विचारत, पाऊस विचारत. त्याचं तिला जास्त लागलं होतं, ती बोलली नाही तरी.

बाईंची तिच्याविषयी एकच तक्रार होती. षड्जावर थांबत नाहीस, तुला पळायची घाई. शिकत असताना ती स्वर लवकर सोडून पुढे गेली की बाई तंबोऱ्याच्या तारांवर आडवा हात ठेवून सगळंच बंद करत. हे मला बायकोनेच हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मला तो एक गमतीचा किस्सा वाटला होता.

गेल्या हिवाळ्यातल्या, बालीगंजकडच्या एका छोट्या महोत्सवाच्या संयोजकांना सकाळच्या सत्रासाठी गायिका हवी होती. दादांनी तिचं नाव सुचवलं. ती आधी नाही म्हणाली, मग दोन दिवसांनी तंबोऱ्याची गवसणी धुवायला टाकली. त्यावरून मी ओळखलं. पूजेच्या सुट्ट्या संपल्यापासून ती पहाटे उठून बसायला लागली. मी चहा करून तिच्यासमोर ठेवायचो, तो तसाच गार व्हायचा.

"अहो, चहा नका ठेवत जाऊ. मला त्याच्याकडे बघून गिल्टी वाटतं."

"मग पी की."

"पिताना गाता येत नाही. एवढा कार्यक्रम करता ना स्टेशनवर?"

कार्यक्रमाच्या सकाळी टॅक्सीवाल्याने तंबोरा बघून काच वर केली. दुसऱ्याने घेतला, पण भोपळा सीटवर आणि आम्ही दोघं कडेला अंग चोरून. सभागृहात पोचलो तर वीज गेलेली, आणि रंगमंचामागे, शाळेच्या बोळात, जनरेटर घरघरत होता. मी संयोजकांना म्हटलं की तो गेटापाशी न्या. ते म्हणाले की वायर पुरत नाही. मी म्हटलं वायर मी आणतो. ते म्हणाले आता दीपप्रज्वलन आहे. मग दीपप्रज्वलन, उत्तरीय, स्मृतिचिन्ह, लोखंडी सळयांच्या दुकानदाराचा प्रायोजक म्हणून सत्कार. तिची वेळ तिथेच खाल्ली जायला सुरुवात झाली होती आणि ती पडद्यामागे तंबोरा लावत होती. जनरेटरच्या आवाजात तंबोरा लावणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

ती तोडी गायली. आणि मी ती ऐकली नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. मी मिक्सरपाशी उभा होतो, एक डोळा आवाजाच्या पट्टीवर, दुसरा नेटच्या दांडीवर. प्रसारण तुटत होतं, मी जोडत होतो, ते पुन्हा तुटत होतं. दादा गच्चीवरच्या खोलीतून निरोप पाठवत होते की काही येत नाही. बायको माझ्या डोळ्यांसमोर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गात होती आणि मी फोनच्या सिग्नलकडे बघत होतो. फक्त एकदा मान वर केली. सभागृहात एकदम शांत झालं म्हणून. कुणी शेंगदाणे खात नव्हतं, कुणी मफलर सारखा करत नव्हतं. ती षड्जावर थांबली होती. डोळे मिटलेले, बोटं तंबोऱ्यावर, आणि स्वर तंबोऱ्यात असा मिसळलेला की कोणता आवाज कुणाचा ते सांगता येऊ नये. मी बघत राहिलो. मग फोन थरथरला, प्रसारण पुन्हा तुटलं होतं, आणि मी मान खाली घातली.

जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. एका हातात लुची, म्हणजे इथली मैद्याची पुरी. आवाज स्वच्छ करायचं एक सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. त्याचं तत्त्व सोपं आहे. जो आवाज एकसारखा, न बदलता चालू असतो तो गोंगाट: पंखा, एसी, जनरेटर. तो शोधायचा आणि काढून टाकायचा. मुलाखतींसाठी, बँडच्या गप्पांसाठी ते फार छान चालतं. त्या दिवशी जनरेटर जोरात होता म्हणून मी प्रमाण नेहमीपेक्षा वाढवलं आणि सकाळचं अख्खं सत्र एकदम त्यातून काढलं. नंतर तपासलं. म्हणजे बायकोच्या गाण्यातली द्रुत बंदिश उघडली, एक तान ऐकली. स्वच्छ, मोत्यासारखी. जनरेटर पार गेलेला. मला द्रुत आवडते, म्हणून मी द्रुत ऐकली. खूश होऊन कार्ड पुसलं आणि यंत्रात घातलं. दुपारी प्रमुख पाहुण्यांचं भाषण त्या कार्डावर गेलं.

परत येताना टॅक्सीत ती तंबोऱ्याला धरून बसली होती. कपाळावरचा घाम वाळला होता.

"नीट आलंय ना रेकॉर्डिंग?"

"एकदम स्वच्छ."

"मग बाईंना ऐकवते."

त्या संध्याकाळी तिने स्वतःहून बाईंना फोन केला. बाईंना आता नीट दिसत नाही, त्यांच्या पुतण्याची सून फोन कानाला धरते. बायकोने आवाज मोठा केला होता म्हणून मलाही ऐकू येत होतं.

"बाई, मी गायले. तोडी. पुढच्या शनिवारी यांच्या स्टेशनवर लावणार आहेत. सूनबाईंना लिंक पाठवते."

बाईंनी फोन सूनबाईंच्या हातातून स्वतःकडे घेतला. मग म्हणाल्या, "थांबलीस का षड्जावर?"

"थांबले, बाई."

"बरं. ऐकते मग."

फोन ठेवून ती गॅलरीत गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

शनिवारचा कार्यक्रम बांधायला मी मधल्या एका संध्याकाळी ऑफिसातून थेट गच्चीवर गेलो. हेडफोन लावले, विलंबित सुरू केलं आणि मला वाटलं की वायर सैल आहे. वायर हलवली. दुसरे हेडफोन लावले. मग समजलं.

तंबोरा नव्हता. मागे नुसती पोकळी. सॉफ्टवेअरने जनरेटरबरोबर तोही उचलला होता, कारण तोही एकसारखा, न बदलता वाजत होता. पण तेवढ्यावर भागलं नव्हतं. तिचा प्रत्येक स्वर सुरू व्हायचा, आणि तो जसजसा स्थिर होई तसतसा विरत जाई. पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडत, मग काहीच नाही. ती पुढच्या स्वराकडे निघाली की आवाज परत यायचा. जिथे हलत होती तिथे ती होती, आणि जिथे थांबली तिथे नव्हती. सभागृह ज्या षड्जावर गप्प झालं होतं तिथे फक्त तबलजीच्या खोकल्याचा आवाज होता. जितकं स्थिर गायली होती तितकं साफ पुसलं गेलं होतं. घाईची, हलती द्रुत तेवढी शाबूत.

पुढचे दोन-तीन दिवस मी वेड्यासारखा फिरलो. चांदनीच्या बाजारात पुसलेल्या कार्डावरून माल परत काढून देणारे बसतात. त्यातल्या एकाने कार्ड लावलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, यावर नंतर काहीतरी मोठं चढलंय. ते मोठं म्हणजे प्रमुख पाहुणे. संगीत आणि समाज या विषयावर ते जेवढं बोलले तेवढं सगळं व्यवस्थित सापडलं. महोत्सवाच्या व्हिडिओवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आवाज तर तुम्हीच देणार होतात ना? आम्ही माइक लावलाच नाही." मंडळाच्या ग्रुपवर विचारलं की कुणी मोबाइलवर घेतलंय का. एका वहिनींनी उत्साहाने पाठवलं. त्यात सुरुवातीला त्यांचा स्वतःचा चेहरा, मग छत, मग टाळ्या. खाली लिहिलं होतं, काय सुंदर गायल्या.

या सगळ्यात घरी मी काय सांगत होतो? "काम चालू आहे." ती विचारायची आणि मी तेच म्हणायचो. एकदा म्हणालो, थोडं मास्टरिंग बाकी आहे. हा शब्द तिला कळणार नाही म्हणून वापरला, हे मला बोलतानाच माहीत होतं.

दादांना मात्र मी सगळं सांगितलं. ते अजिबात हादरले नाहीत, त्याचीच मला चीड आली.

"मोबाइलच्या ॲपमधला तंबोरा खाली घाल. थोडा प्रतिध्वनी दे. भोकं बुजतील. होये जाबे."

होऊन जाईल. या दोन शब्दांवर ते स्टेशन उभं आहे.

"दादा, त्यात तिचा स्वरच नाहीये."

"ऐकणाऱ्याला वाटेल की मनातल्या मनात गातेय. अरे, कोण बसलंय एवढं कान देऊन?"

"तिची गुरू बसलीय."

"त्या फोनवर ऐकणार ना? फोनवर कुणाचा तंबोरा कुठला, काही कळत नाही."

मी त्यांच्यावर रागावलो आणि मग त्यांनी सांगितलं तेच केलं. तिची पट्टी शोधून ॲपचा तंबोरा जुळवला, खाली पसरला, भोकांच्या तोंडाशी प्रतिध्वनी लावून स्वर ताणला. ऑफिसात बसून डोळे मिटून विचार करायचो की अजून कुठे लिंपता येईल. आणि खरं सांगायचं तर, काम जमत आल्यावर मला थोडं बरंही वाटायला लागलं होतं. गिलावा चांगला बसतोय असं गवंड्याला वाटावं तसं.

शुक्रवारी संध्याकाळी ती गच्चीवर आली. कित्येक वर्षांत ती तिकडे आली नव्हती. खाली चप्पल काढून अनवाणी जिने चढली होती.

"मला आधी ऐकायचंय. बाई ऐकायच्या आत."

दादांनी चहा मागवला आणि उगीचच बाहेर गच्चीवर निघून गेले. मी तिला हेडफोन दिले. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण त्या क्षणी मला एकच आशा होती की तिला कळणार नाही. गाणाऱ्या माणसाला स्वतःचं गाणं कळणार नाही, अशी आशा धरून मी तिच्यासमोर उभा होतो.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच थांबवलं असतं तर बरं झालं असतं. हेडफोन काढून व्यवस्थित गुंडाळून टेबलावर ठेवले.

"हा कुणाचा तंबोरा?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, जनरेटर, सॉफ्टवेअर, कार्ड, चांदनी. सांगताना मी फार भरभर बोलत होतो.

"म्हणजे मूळ नाही."

"नाही."

"आणि हे किती दिवस माहीत आहे तुम्हाला?"

"मंगळवारपासून."

"मास्टरिंग," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मी तिथे थांबले होते ना हो? का मलाच वाटतंय? आता मलाही खात्री वाटेना."

"थांबली होतीस. मी बघितलं."

"बघितलंत," ती म्हणाली. "हे लावू नका. बाईंना हे ऐकवलं तर मी मिरजेला तोंड दाखवू शकणार नाही."

शनिवारी सकाळी काय सांगायचं यावरून माझं आणि दादांचं भांडण झालं. मला म्हणायचं होतं की मुद्रण माझ्या हातून खराब झालं. दादा म्हणाले, श्रोत्यांना तुझ्या घरच्या कहाणीशी काय करायचंय, आणि उद्या दुसरा कलाकार आपल्याला मुद्रण करू देईल का. त्यांचं बरोबर होतं की नाही मला माहीत नाही. मी माइकसमोर बसलो आणि बंगालीत, हिंदीत आणि मराठीत वाचलं की तांत्रिक कारणामुळे आजचा कार्यक्रम सादर करता येत नाही. मग आम्ही एक जुनं बाउल मुद्रण लावलं. एका श्रोत्याचा निरोप आला की छान गाणं, नाव सांगा. बस, एवढंच. आमच्या कलाकारांत किंवा श्रोत्यांत कुणालाच कळलं नाही की काय हरवलं.

घरी आलो तर ती जमिनीवर तंबोरा घेऊन बसली होती. समोर स्टीलच्या डब्याला टेकवलेला फोन, त्यात बाईंचा अर्धा चेहरा. रेकॉर्डिंग नाही तर नाही, प्रत्यक्षच ऐकवते, असं तिने ठरवलं होतं. मी दारातच थांबलो. तिने तारा छेडल्या, डोळे मिटले, षड्ज लावला.

फोनमधून सूनबाई तिला म्हणाल्या, "मावशी, आवाज गेला."

तिने पुन्हा लावला.

"मावशी, सुरुवातीला येतोय, मग जातोय. नेट नाही वाटतं."

नेट नव्हतं असं नाही. मला कारण माहीत होतं. फोनमध्येही तेच बसवलेलं असतं, कॉलवर पलीकडच्याला पंख्याचा आवाज जाऊ नये म्हणून. तिथे उभं राहून मला हसू येईल की रडू, ते समजेना. मी पुढे होऊन फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधायला लागलो. एक पर्याय सापडला, बंद केला, तरी तेच. फोन बदलला. तेच. तिने शेवटी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

पलीकडून बाई म्हणाल्या, "अगं, बोल तेवढे ऐकू येतायत. मधलं काही येत नाही. तू गातेस की सांगतेस?"

"गाते, बाई."

"मला दिसत नाही, आता ऐकूही येईना झालं वाटतं."

"नाही बाई, तुमचे कान ठीक आहेत. यंत्राचा दोष आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं नाही. तिने बघितलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

बाई म्हणाल्या की असू दे, गात असशील तू. हे त्या अगदी समजुतीने म्हणाल्या, लहान मुलाला म्हणावं तसं. बायकोने फोन ठेवला. तंबोऱ्याला गवसणी घातली. मला वाटलं, आता परत कपाटावर. पण तो तिने कोपऱ्यातच उभा ठेवला.

"मी मिरजेला जाते," ती म्हणाली.

"कधी?"

"मिळेल त्या गाडीने. बाईंच्या मनात आता हे राहील, की मी गाते असं मी नुसतं सांगते."

"मी येतो."

"तुम्ही कशाला? मिक्सर न्यायचाय?"

पुण्यात गाडी बदलावी लागते, थंडी आहे, तंबोरा घेऊन एकटी कशी जाशील, असलं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली की तंबोरा नेत नाही, बाईंच्या घरी तंबोरे आहेत. हावड्याला सोडायला मात्र मला येऊ दिलं. फलाटावर मी तिला पाण्याची बाटली, संत्री, फोनचा चार्जर असं एकामागून एक देत राहिलो. शेवटी माझ्या हातात देण्यासारखं काही उरलं नाही. गाडी सुटायच्या आधी मी म्हटलं, "चुकलो मी." ती खिडकीतून म्हणाली, "चुकलात ते झालं. मंगळवार ते शुक्रवार मात्र तुम्ही मला वेड्यात काढलंत." गाडी हलली. नंतर मला वाटत राहिलं की जे बोलायचं ते मी स्टेशनवर, हमालांच्या धक्क्यात बोललो, घरात चार दिवस असताना नाही.

ती गेल्यावर मी कामाची पद्धत बदलायचा प्रयत्न केला. दादांना म्हटलं, कच्चं मुद्रण पुसायचं नाही, आणखी कार्डं घेऊ, गाण्यावर सॉफ्टवेअर चालवायचंच नाही. दादा म्हणाले, घेऊ की. पुढच्या रविवारच्या महोत्सवात कार्ड एकच होतं. जनरेटरही होता. मी सॉफ्टवेअर चालवलं नाही, आणि संध्याकाळी दोन श्रोत्यांचे निरोप आले की आवाजात फार घरघर आहे, जरा दर्जाकडे लक्ष द्या. त्यातला एक मंडळातलाच होता. मी त्याला उत्तर लिहायला घेतलं, लांबलचक, तंबोरा म्हणजे काय इथपासून. मग खोडून टाकलं. त्या खोलीत बसून मला पहिल्यांदा प्रश्न पडला की आम्ही एवढी वर्षं नक्की कुणासाठी काय पकडून ठेवतोय.

तिचा फोन ती पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी आला. मी ऑफिसात होतो, जिन्यात जाऊन घेतला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"पोचल्याचं तेवढं कळवलंस. कशी आहेस?"

"बरी आहे. आज सकाळी बाईंसमोर बसले."

"मग?"

"गायले. बाईंनी ऐकलं."

मी जिन्याच्या कठड्याला टेकलो. खाली रस्त्यावर बसवाले नेहमीसारखे एकमेकांवर ओरडत होते, मी एका कानावर हात ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"ते मी नाही सांगणार तुम्हाला."

"बरं."

खरं तर बरं नव्हतं. पण मागायचा हक्क मला नव्हता, एवढं मला समजत होतं. तरीही तोंडातून जे निघालं ते निघालंच. सवयीने.

"फोन चालू ठेवला होतास का? म्हणजे, कुणी घेतलं का?"

बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं. मला वाटलं की फोन कट झाला, किंवा ती काही बोलतेय आणि तेच माझ्यापर्यंत पोचत नाहीये.

"नाही," ती म्हणाली. "कुणी घेतलं नाही. बाई होत्या आणि मी होते." मग म्हणाली की आणखी आठवडाभर राहीन, रोज सकाळी बसायला सांगितलंय बाईंनी. आणि दूधवाल्याला एकच पिशवी टाकायला सांगा, तुमच्याने दोन संपत नाहीत.